‘मी हे वाचलेलं नाही’ असं कसं म्हणायचं

पुस्तक न उघडता ते किती वाचलं गेलंय हे सांगता येतं. मिटलेलं पुस्तक आडवं धरायचं आणि पानांच्या कडेकडे बघायचं. जिथपर्यंत बोटं फिरली तिथपर्यंत कड काळपट, थोडी तेलकट. पुढे स्वच्छ. मी पुण्यातल्या एका कॉलेजात अकरा वर्षं ग्रंथपाल होते, तिथे समीक्षेचं एक ५४० पानांचं पुस्तक होतं. तारखांचे शिक्के मारायची मागची चिठ्ठी भरली म्हणून दोनदा नवी चिकटवली, इतकी त्याला मागणी. काळपट पट्टा मात्र काडेपेटीतल्या काडीच्या जाडीएवढा. उघडून पाहिलं तर तो पान ३१ ला संपत होता. पान ३१ ला प्रस्तावना संपत होती.

एका जुलैमध्ये एफवायच्या एका मुलाने ते दुपारी नेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर आणून ठेवलं. मी विचारलं, ‘‘झालं?’’ म्हणाला, ‘‘बेसिक आयडिया आली, मॅडम.’’

मी हसले नाही. १९९८ ते २००० अशी दोन वर्षं मी हेच केलं, आणि त्या पोरापेक्षा कितीतरी सफाईने केलं. खालचं सगळं त्याच्यासारख्यांसाठी आहे. बारावी करून नव्या शहरात आलात, कट्ट्यावर बसता, फिल्म क्लबला जाता, आणि आजूबाजूला सगळ्यांना सगळं ठाऊक आहे असं वाटतंय. अशा वेळी चार शब्द तोंडातून कसे बाहेर काढायचे, एवढंच मला सांगायचंय.

आधी हे लागतं कसं

मी बार्शीची. बारावीपर्यंत मराठी माध्यम. सुट्टीत गावच्या वाचनालयातून कामू (Camus) या फ्रेंच लेखकाची एक कादंबरी आणली होती, इंग्रजी भाषांतर. सव्वाशेच्या आत पानं होती, म्हणूनच उचलली. शब्दकोश मांडीवर घेऊन सतरा दिवसांत संपवली. रोज दुपारी, पंख्याखाली. वेष्टनावर वाचलं होतं की याला १९५७ साली नोबेल मिळालं आणि १९६० साली हा मोटार अपघातात गेला. वेष्टनावर एकच गोष्ट नव्हती, उच्चार.

कॅन्टीनमागच्या कट्ट्यावर आम्ही सहा जण. दोन चहा, सहा पेले. गप्पा परदेशी लेखकांवर आल्या आणि मी, बार्शीहून येऊन तीन आठवडे झालेली, मोठ्या उमेदीने म्हणाले, ‘‘मी कॅमस वाचलाय.’’

टीवायचा एक मुलगा, झब्बा, खांद्याला शबनम, म्हणाला, ‘‘कोण? कॅमस? अगं कामू, कामू!’’ सगळे हसले. एकाच्या नाकात चहा गेला. मीही हसले, कारण दुसरं काय करणार.

त्या रात्री होस्टेलवर मी एक निष्कर्ष काढला: वाचलं नसलं तर चालतं, उच्चार चुकलेला चालत नाही. पुढची दोन वर्षं मी त्याबरहुकूम वागले. मागचा पुठ्ठा आणि प्रस्तावना एवढ्यावर पुस्तक निभावून न्यायला शिकले. काही वाक्यं तर कुठल्याही पुस्तकाला चालतात. ‘त्याचं सुरुवातीचं लेखन जास्त प्रामाणिक होतं.’ ‘भाषांतरात ते निसटतं.’ ‘मला शेवट थोडा तडजोडीचा वाटला.’ हे तिसरं जरा धोक्याचं, समोरच्याने शेवट खरोखर वाचलेला असू शकतो. पण दोन वर्षांत एकदाही तशी वेळ आली नाही, यावरून काय ते समजा.

त्या वर्षी आमच्यात ‘व्यामिश्र’ या शब्दाची साथ आली होती. कविता व्यामिश्र, पात्र व्यामिश्र, सरांचं वागणं व्यामिश्र. ‘अवकाश’ आणि ‘परिप्रेक्ष्य’ हे पाठोपाठ आले. आमच्या आधीच्यांना ‘अस्तित्ववाद’ची साथ येऊन गेली होती म्हणतात, आत्ताच्यांना ‘नॅरेटिव्ह’ आणि ‘प्रॉब्लेमॅटिक’ची आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरी फोडणी देणाऱ्या आईला मी सांगितलं की आपल्या शेजारच्या काकूंचा स्वभाव फार व्यामिश्र आहे. आई म्हणाली, ‘‘म्हंजी?’’ मी सांगितलं, बऱ्याच गोष्टी एकात एक मिसळलेल्या असतात ना, तसं. आई म्हणाली, ‘‘मग कालवण झालंय म्हण की. तोंडात खडा आल्यागत काय बोलतीस?’’

या बाईचं मी तेव्हा ऐकायला हवं होतं.

२०१९ साली आमच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं. जेवणं झाल्यावर मी तो कट्ट्यावरचा किस्सा काढला आणि विचारलं, खरं सांगा, तेव्हा कामू कुणी वाचला होता? सहापैकी पाच जण तिथे हजर होते. एकीने चाळीस पानं वाचली होती. बाकीच्या तिघांनी पुस्तक पाहिलंही नव्हतं. ज्याने माझा उच्चार सुधारला तो आला नव्हता, पण त्याचा खोलीवाला आला होता. म्हणाला, त्याने तो उच्चार सरांच्या लेक्चरला ऐकला होता, आदल्याच आठवड्यात.

म्हणजे मला हसणाऱ्यांपैकी प्रत्येक जण, आपण सोडून बाकी सगळ्यांनी वाचलंय, असं समजून हसत होता.

चार शब्द

वाक्य असं आहे: ‘मी हे वाचलेलं नाही.’ आरशासमोर म्हणून बघा. मी चेष्टा करत नाहीये. पहिल्यांदा ते एक तर माफी मागितल्यासारखं येतं, नाही तर भांडायला उठल्यासारखं. ‘दुकान आज बंद आहे’ हे आपण ज्या आवाजात सांगतो, तसं ते यायला हवं.

याला एक शेपूट जोडायचं: ‘कशाबद्दल आहे?’ हे शेपूट विसरू नका. नुसतं ‘वाचलेलं नाही’ म्हणालात की गप्पा तिथे अडतात आणि सगळे तुमच्याकडे बघतात. प्रश्न विचारलात की नजरा बोलणाऱ्याकडे वळतात आणि त्यालाही बहुतेक वेळा तेच हवं असतं. ज्याने पुस्तक खरंच वाचलंय त्याचा चेहरा उजळतो, तो खुर्ची पुढे ओढतो आणि तुम्हाला फुकटात अर्ध्या तासाची शिकवणी मिळते. ज्याने वाचलेलं नाही तो म्हणतो, ‘‘ते असं सांगता येणार नाही, वाचायलाच पाहिजे.’’ तिथे थांबायचं. पुढचा प्रश्न टाकून त्याला कोपऱ्यात घ्यायचं नाही. मला हा मोह फार झाला आहे. लोकांची कड तपासत हिंडणं हीसुद्धा आढ्यताच.

‘‘अरे, हे वाचलं नाहीस तू?’’ असा सूर आला तर? ‘‘नाही ना. तुला त्यातलं काय आवडलं?’’ एवढंच, हसून.

वेळ महत्त्वाची. हे वाक्य पहिल्या मिनिटात सोपं असतं. एकदा मान डोलावलीत की दर मिनिटाला महाग होत जातं. दहा मिनिटं ‘हं, हं’ करून मग ‘मी वाचलेलं नाही’ म्हणणं अशक्य नाही, पण त्याला माझ्यासारख्या चाळिशी उलटलेल्या बाईचं धाडस लागतं. त्यापेक्षा सुरुवातीलाच सांगून मोकळं व्हा. सवय नसेल तर आधी छोट्या गोष्टींवर हात बसवा: कॅन्टीनच्या फळ्यावरचा न कळलेला पदार्थ, मित्राने सांगितलेल्या गायकाचं नाव, ‘हा गाव कुठे आला?’ दिवसाला एक, पंधरा दिवस. पुस्तकापर्यंत आपोआप याल.

शब्द अडला तर त्याच वाक्यात विचारा, ‘‘अवकाश म्हणजे इथे काय?’’ ‘इथे’ हा शब्द सोडू नका. नुसतं ‘अवकाश म्हणजे काय’ विचारलं की समोरचा शब्दकोश होतो. ‘इथे’ म्हटलं की त्याला त्याचं वाक्य पुन्हा स्वतः तपासावं लागतं.

आणि उच्चार. जर्मन कवी गटेला कुणी ‘गोएथे’ म्हणालं तर हसायचं नाही. छापील अक्षरावरून उच्चार करणाऱ्या माणसाने ते नाव कुणाच्या तोंडून ऐकलेलं नसतं, कागदावर वाचलेलं असतं. चुकीचा उच्चार हा बऱ्याचदा वाचल्याचा पुरावा असतो. बरोबर उच्चार हवा असेल तर ‘‘याचं नाव कसं म्हणतात?’’ असं आधी विचारून टाका.

दुसरं होण्याची कला

पहिला बोलणारा होणं सगळ्यांना जमत नाही, मला जमलं नाही. त्याहून सोपं आणि माझ्या मते जास्त उपयोगाचं काम दुसऱ्याचं आहे.

सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कॉलेजातल्याच मुलांवर एक प्रयोग केला. समोर एक रेघ, शेजारी तीन रेघा, यातली कोणती पहिलीएवढी आहे ते मोठ्याने सांगायचं. बालवाडीतलं पोर सांगेल इतकं सोपं. खोलीतला एकच मुलगा खरा, बाकीचे सगळे सामील, आणि ते ठरवून एकसुरात चुकीचं उत्तर देणार. अशा फसव्या फेऱ्यांमध्ये खऱ्या मुलांची साधारण एक तृतीयांश उत्तरं गटासारखी चुकीची आली. चारातल्या तिघांनी तरी निदान एकदा मान तुकवली. डोळ्यांसमोरच्या रेघेबद्दल ही गत, तर कवितेबद्दल काय होत असेल!

पण मला त्याचा पुढचा भाग जास्त आवडतो. अ‍ॅशने त्या गटात एकच माणूस बरोबर उत्तर देणारा ठेवला. एकच. त्याबरोबर चुकीची उत्तरं आधीच्या चौथाईवर आली.

आता आमच्या फिल्म क्लबची गोष्ट. १९९९ चा ऑगस्ट, बाहेर पाऊस, हॉलमध्ये ओल्या छत्र्यांचा वास. पूर्व युरोपातला एक कृष्णधवल सिनेमा लावला होता, अडीच तासांचा. मध्ये एकदा एक पांढरा घोडा चिखलातून येतो, कॅमेऱ्याकडे बघतो आणि जातो. पुढे त्याचं काहीच होत नाही. सिनेमा संपल्यावर चर्चा. आम्ही नेहमीचे पुढच्या रांगेत. एकाने अवकाश काढला, दुसऱ्याने काळाचं परिमाण. मी म्हणाले (वहीत लिहून ठेवलंय, म्हणून शब्दशः सांगते), ‘‘यातली शांतता फार बोलकी आहे.’’

मागून एक हात वर आला. कॉमर्सचा मुलगा होता, पावसात अडकला म्हणून आत शिरलेला. म्हणाला, ‘‘सर, तो घोडा काय होता, ते मला कळलं नाही.’’

हॉलमध्ये कुणीतरी फसकन हसलं. सर म्हणाले, ‘‘ते प्रतीक आहे,’’ आणि पुढे गेले. कसलं प्रतीक, ते कुणी विचारलं नाही. तो घोडा मलाही कळला नव्हता. शेजारी बसलेल्या मैत्रिणीलाही कळला नव्हता, तिने मला सिनेमा चालू असतानाच कानात विचारलं होतं, ‘‘हा कुठून आला गं?’’ आम्हा दोघींना फक्त ‘‘सर, आम्हालाही नाही कळलं’’ एवढं म्हणायचं होतं. आम्ही सरळ समोर बघत बसलो. तो मुलगा पुन्हा फिल्म क्लबला आला नाही. तेव्हा कॉमर्सचे फार थोडे यायचे, त्यामुळे लक्षात राहिलं.

म्हणून सांगते, कुणी ‘‘मला कळलं नाही’’ म्हणालं आणि तुम्हालाही कळलं नसेल, तर तीन सेकंदांच्या आत ‘‘मलाही’’ म्हणा. तीन सेकंदांनंतर हसू येतं आणि संधी जाते. भाषण नको, खुलासा नको. ‘मलाही’ पुरे. वर्गातही हेच. सर ‘हे तुम्हाला माहीतच असेल’ म्हणून पुढे निघाले की कुणीतरी ‘‘सर, एखादं उदाहरण?’’ म्हणावं आणि दुसऱ्याने मान हलवावी. उदाहरण मागितल्याचा राग येणारे सर मी फार कमी पाहिले. एक पाहिले. त्यांच्याकडे उदाहरण नव्हतं.

खरंच वाचायचं असेल तर

प्रस्तावना शेवटी वाचा. ती सगळ्यात आधी असते आणि तिच्यात दुसऱ्याची मतं तयार मिळतात. ती आधी वाचली की पुढचं पुस्तक तुम्ही त्याच माणसाच्या चष्म्यातून वाचता, किंवा माझ्यासारखे पुढे जातच नाही.

जाड पुस्तक पहिल्यांदा नेऊ नका. त्याच लेखकाचं बारकं मागा, काउंटरवरच्या माणसाला विचारायला लाजू नका. आमच्या धंद्यात रंगनाथन यांचे पाच नियम शिकवतात, १९३१ सालचे. तिसरा नियम सांगतो की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक असतो. तो वाचक या सत्रात तुम्हीच असायला हवं असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. आज जे पुस्तक डोक्यावरून जातं ते पाच वर्षांनी हातात धरलंत तर वेगळं दिसू शकतं.

वाचून झाल्यावर कागद घ्या आणि दहा ओळी लिहा. अट एकच: त्या सत्रात साथ आलेला एकही शब्द वापरायचा नाही. जमत नसेल तर कळलेलं नाही, इतकं सरळ आहे. २००२ साली रोझेनब्लिट आणि काइल या दोघांनी प्रयोगातल्या माणसांना आधी विचारलं, पँटची चेन कशी चालते हे तुम्हाला किती समजतं, स्वतःला गुण द्या. लोकांनी भरघोस दिले. मग म्हणाले, आता पायरी-पायरीने लिहून दाखवा. लिहायला बसल्यावर बहुतेकांना कळलं की आपल्याला चेन वरखाली करता येते, एवढंच. पुन्हा गुण मागितल्यावर ते खाली आले. रोज हातात असणाऱ्या चेनची ही कथा. दहा ओळींचा कागद म्हणजे चेन लिहून दाखवणं. तो कुणाला दाखवायचा नाही, दाखवायचा म्हटलं की पुन्हा ‘अवकाश’ शिरतो.

याहून कडक परीक्षा हवी असेल तर घरी फोन करा आणि पुस्तक घरच्या बोलीत सांगा. मी नंतर नंतर हे करू लागले. आईला ‘विरचना’ (समीक्षेतलं ‘डीकन्स्ट्रक्शन’) सांगायला मला एक रविवार लागला, आणि त्या रविवारी ती मला पहिल्यांदा समजली. (तिचं मत: ‘‘उसवून बघायचं कुठं कुठं टाके घातल्यात. एवढंच न्हवं?’’ आई शिवणकाम करायची.)

याचा अर्थ अवघड शब्द वाईट, असा कुणी काढू नये. गॅरेजवाला चौदा-पंधराचा पाना मागतो तेव्हा तो शायनिंग मारत नसतो, त्याला तोच पाना हवा असतो. संहिता, मिथक, आशयसूत्र हे पाने आहेत. नट दिसत नसताना पाना हातात घेऊन हिंडू नका, इतकंच.

आणि फोनला विचारून दहा ओळींत सार मिळवणं: परीक्षेच्या आदल्या रात्री करा, मीही तुमच्या जागी केलं असतं. पण त्या दहा ओळी तुमच्या नव्हेत, आणि कट्ट्यावर त्या बोलून दाखवल्यात तर समोरच्यानेही त्याच वाचलेल्या असण्याची शक्यता दांडगी आहे.

काय आवडतं, हेही

न वाचलेलं वाचलं म्हणण्यापेक्षा आवडलेलं नावडलं म्हणणं जास्त वाईट, असं आता मला वाटतं. काउंटरवर बसून मी पाहिलंय. खपाच्या ऐतिहासिक कादंबऱ्या, रहस्यकथा, भुताच्या गोष्टी कॉलेजच्या ग्रंथालयातून सतत जातात. त्या मागताना आवाज खाली येतो. एक मुलगी तर अशा पुस्तकावर नेहमी कवितासंग्रह ठेवून आणायची. मी दोन्हींवर शिक्का मारायची. कवितासंग्रहाची कड पांढरीच राहिली.

कट्ट्यावर काही लेखकांना नावं ठेवणं ही प्रवेश फी असते. ती न देता आत बसता येतं. ‘‘मला तो आवडतो. त्याच्यातल्या लढाया मला दिसतात,’’ असं कारणासकट म्हणा. कारण दिलंत की कुणी फारसं अंगावर येत नाही. आणि ज्याला नावं ठेवायची आहेत त्याचं निदान एक पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचा. समूळ ग्रंथ न पाहता उगाच दूषण ठेवणाऱ्याला रामदासांनी दासबोधात, दुसऱ्या दशकातल्या दहाव्या समासात, पढतमूर्खांच्या यादीत बसवलंय. त्यांनी मूर्खांसाठी वेगळा समास लिहिला आणि पढतमूर्खांसाठी वेगळा. साडेतीनशे वर्षांपूर्वीही कट्टे असणार.

गटाबरोबर ओरडण्यात मला काही वावगं वाटत नाही. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेला भरत नाट्य मंदिरात ‘अरे आवाज कुणाचा’ म्हणून मी घसा बसेपर्यंत ओरडलेय, आमची एकांकिका यथातथा होती तरी. तिथे सगळ्यांना ठाऊक असतं की हे ओरडणं आहे. कट्ट्यावर तेच ओरडणं मत म्हणून निघतं, आणि चार वर्षांनी आपल्यालाही ते आपलंच मत वाटायला लागतं.

उलट्या बाजूला

गेली आठ वर्षं मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात आहे. इथे आल्यावर वाटलं, सुटलो. इथे कुणी कामूचा उच्चार सुधारत नाही. पण महिन्याभरात कळलं की इथे तेच जोखड आहे, फक्त उलटं जुंपलेलं. इथे पुस्तक वाचणाऱ्याला ‘लई शाना झालाय’ म्हणतात. ‘आपल्याला नाय बा कळत असलं’ हे अभिमानाने म्हणायचं असतं, कळत असलं तरी. हेसुद्धा ढोंगच, आणि पुण्यातल्यापेक्षा सोपं, कारण याला प्रस्तावनाही वाचावी लागत नाही.

बीएच्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगी आहे. अभ्यासिकेत तलाठी भरतीचं गाईड उघडून बसते. मागच्या हिवाळ्यात मी खिडक्या लावायला तिच्या मागून गेले, तर गाईडमध्ये दुसरं पुस्तक. कविता. तिने गाईड पटकन मिटलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला मोबाइलवर काही भलतंच बघताना पकडलंय. मी खिडकी लावली. परत जाताना म्हणाले, ‘‘त्यांचं दुसरंही एक आहे आपल्याकडे. चौथ्या कपाटात.’’ आठवड्याने तिने ते नेलं, गाईडखाली लपवून.

तुम्ही अशा ठिकाणी असाल तर तुमचे चार शब्द वेगळे आहेत: ‘मी हे वाचलेलं आहे.’ तेही ‘दुकान आज बंद आहे’च्याच आवाजात म्हणायचे. आणि इथे तर ‘मलाही’ म्हणणारा जास्तच लागतो. त्या मुलीला अजून कुणी मिळालेलं नाही. मी बोलले असते, पण ग्रंथपाल बाई ‘मलाही’ म्हणाल्या तर ती आणखी बदनाम व्हायची.

चिठ्ठी

शेवटी एक जिन्नस सांगते, तो कुठल्याही ग्रंथालयात, होस्टेलच्या खोलीत किंवा मित्रांच्या सामायिक पुस्तकांत करता येतो. पुठ्ठ्याची एक पट्टी कापा, वहीच्या पुठ्ठ्याची चालेल, दोन बोटं रुंद. तिच्यावर वर लिहा: ‘मी इथे थांबलो / थांबले.’ ती जाड पुस्तकात ठेवून द्या. ज्याने पुस्तक अर्ध्यात सोडलं त्याने पान लिहायचं आणि तारीख. नाव नाही. हे महत्त्वाचं, नाव आलं की सगळे शेवटचं पान लिहितील.

‘बेसिक आयडिया’वाला मुलगा गेल्यावर मी ती पट्टी त्या ५४० पानांच्या पुस्तकात ठेवली होती. सुरुवात व्हावी म्हणून पहिला आकडा मीच टाकला, ६४, आणि तो खरा होता. २०१७ साली मी ते कॉलेज सोडलं तेव्हा खाली सात आकडे होते: १२, ३१, ३१, ९, २७, ३१, ४४. माझ्या जागी आलेल्या बाईंनी गेल्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. पट्टी भरली, त्यांनी मागे दुसरी जोडलीय, टाचणी लावून. आकडे पुष्कळ वाढलेत, ३१ अजूनही सगळ्यात जास्त वेळा. एकाने ३१ लिहून खोडलंय आणि शेजारी १८ केलंय.

सगळ्यात खाली, निळ्या शाईत: २१२. आणि पुढे बारीक अक्षरात, ‘१९० पासून सोपं आहे.’